नावावरचे नाणे

दुपारी गुलाबी मेणात कुणा अनोळखी माणसाचा पुढचा दात बसवत असताना त्याच्या खिशात फोन थरथरला. थरथर क्षुल्लक होती, पण चिमटा हलला आणि दात अंशभर वाकडा बसला. त्याने तो लगेच सरळ केला नाही. समोरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे रांगेने वाळत पडले होते. वीस वर्षे दातांच्या कवळ्या बनवून त्याला एक कळले होते, की जबड्याला डोळे नसले तरी तो बघतो. त्याने हात पुसले आणि निरोप उघडला. निरोप सभ्य होता, इतका सभ्य की वाचता वाचता त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ‘आदरणीय महोदय, आपल्या संचातले विझलेल्या दीपगृहाचे नाणे आता माझ्याकडे आले आहे. नोंदवायला गेलो तर ते अजून आपल्याच नावावर दिसते. घाई नाही, सवडीने मोकळे करावे. आपली प्रकृती उत्तम असेल, अशी आशा.’ हे त्या माणसाचे दुसरे पत्र. पहिल्यात प्रकृतीची चौकशी नव्हती. ती आता आली होती ती केवळ शिष्टाचार म्हणून, अंधारात टाकलेल्या खड्यासारखी, पण खडा नेमका लागला होता. कारण ज्याला हे पत्र लिहिले होते तो या कवळ्या बनवणाऱ्याचा दादा आठ महिन्यांपासून उजव्या अंगाने लुळा होऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होता, आणि त्याच्या नावे येणारे प्रत्येक पत्र धाकट्या भावाच्या खिशात थरथरत होते. तशी व्यवस्था त्यानेच करून ठेवली होती. आजारी माणसाला त्रास नको म्हणून.

ज्याला हे जग ठाऊक नाही त्याला हा सारा प्रकार पोरखेळ वाटेल. त्यालाही तो वाटत आला होता. जुनी नाणी तपासायला पाठवायची, तपासणाऱ्यांनी त्यांना सत्तरपैकी गुण द्यायचे आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत कायमचे बंद करून डबीवर एक क्रमांक छापायचा. या डबीला दादाच्या मंडळींत स्लॅब म्हणत. वहिनी पाहुण्यांना सांगे, “आमच्या डोक्यावर पत्रे, आणि ह्यांच्या नाण्यांना मात्र स्लॅब.” पाहुणे हसत, दादाही हसे, पण हसतानाही डबीच्या कडेवरून त्याचा अंगठा फिरतच असे. मग तो क्रमांक रजिस्ट्रीत, म्हणजे जगभरच्या संग्राहकांच्या त्या सामाईक नोंदणीत घालायचा. तिथे प्रत्येकाचा संच, प्रत्येक नाण्याची चौकट, चौकटीत छायाचित्र, आणि कुणाचा संच कितवा याची क्रमवारी. नियम एकच होता: एक क्रमांक एका वेळी एकाच संचात. नाणे विकले, दिले, गमावले, तर आधीच्या मालकाने ते आपल्या नावावरून स्वतः मोकळे करायचे. नाही केले तर त्याला कुणी पकडून नेत नसे. हा कायदा नव्हता, रीत होती. आणि रीतीचे ओझे कायद्याहून जड, कारण ती मोडणाऱ्याला शिक्षा देण्याचे काम त्याच्यावरच सोडलेले असते.

दादाने ती कधी मोडली नव्हती. उभा जन्म आरेखकाच्या टेबलाशी ओणवा राहून त्याने दुसऱ्यांच्या इमारतींच्या रेषा ओढल्या, आणि घरी आल्यावरही त्याचे वागणे रेषेवरून ढळत नसे. एखादे नाणे विकायचे ठरले की पाकीट चिकटवण्याआधी तो संगणकाच्या पडद्यासमोर बसे, ते मोकळे करी, रिकामी झालेली करडी चौकट थोडा वेळ पाहत राही, आणि मग नव्या मालकाला चार ओळी लिही. ‘दिव्याखाली धराल तर डाव्या कडेला निळसर झाक दिसेल. घाबरू नका, ते वय आहे, डाग नव्हे.’ एकदा कुणी त्याला विकलेले नाणे महिनोन्महिने स्वतःच्याच नावावर अडकवून ठेवले होते. धाकट्याने तेव्हा म्हटले होते, की एवढे काय, नाणे तर तुझ्या कपाटात आहे. दादाने चष्मा काढला होता. चष्मा काढला की त्याचे डोळे एकदम निराधार दिसत. “नाणं हातातून गेलं की नावातूनही गेलं पाहिजे, छोट्या,” तो म्हणाला होता, “नाहीतर ते दोन्हीकडे चोरीचं.” हे वाक्य त्या वेळी भिंतीवरून पाल जावी तसे त्याच्या मनावरून गेले होते. आता ते परत आले होते आणि हलत नव्हते.

विकले होते धाकट्यानेच. कारण चांगले होते. कारणे नेहमी चांगलीच असतात, वाईट कारण घेऊन कोण घराबाहेर पडतो. बोलणे शिकवणारी बाई यायची होती, अंग हलवून घेणारा माणूस यायचा होता, आणि दोघांना द्यायला पैसे नव्हते. वहिनीने लॉकरची किल्ली त्याच्या हातावर ठेवताना डोळे दुसरीकडे वळवले होते. “तुम्हांला योग्य वाटेल ते करा, भावजी. ह्यांना विचारू नका, आणि मलाही सांगू नका.” त्या न सांगण्याच्या आडोशाला तो त्या व्यापाऱ्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत गेला होता, जिथे टेबलावर हिरव्या बनातीचे लोकरी कापड होते आणि दिवा इतका खाली ओढलेला होता की बोलणाऱ्याचे फक्त हात दिसत. व्यापारी म्हणाला होता, कुठलीही तीन चालतील. कुठलीही. आणि त्याचा हात, त्याला न विचारता, सर्वांत आधी विझलेल्या दीपगृहाकडे गेला होता. या जागी येऊन त्याचा विचार रोज अडे. दीपगृहाच्या मालिकेतल्या प्रत्येक नाण्यावर दिव्यातून किरण निघत. फक्त एका वर्षी साचा कोरणारा ते कोरायला विसरला, आणि थोडी नाणी तशीच बाहेर पडली, समुद्राकडे तोंड करून उभा असलेला एक काळोखा बुरूज. दादाचा त्यावर जीव होता. “बघ, माणूस विसरला त्याचीच किंमत झाली,” तो म्हणे, आणि ते नाणे तो कुणाच्या हातात देत नसे, धाकट्याच्याही नाही, दुरून दाखवी. हात आधी तिकडे गेला तो त्याचे मोल जास्त म्हणून, की लहानपणापासून दुरून दाखवलेल्या साऱ्या गोष्टींचा हिशेब त्या बोटांत कुठेतरी साठून होता म्हणून? त्याला उत्तर नको होते. प्रश्नाभोवती तो जीभ फिरवत राही, पडलेल्या दाताच्या खाचेत फिरवावी तशी. व्यापाऱ्याने निघताना सांगितले होते, रजिस्ट्रीत असतील तर मोकळी करायला विसरू नका, घेणारे फार हळवे असतात. तो म्हणाला होता, आजच करतो.

आणि त्याच संध्याकाळी तो दादाच्या पडद्यासमोर बसलाही होता. पलीकडच्या खोलीत ती बोलणे शिकवणारी बाई दादाकडून ‘दार’ म्हणवून घेत होती. “दा,” दादा म्हणत होता, “दा,” आणि पुढचा ‘र’ उंबरठ्याला अडखळल्यासारखा पडत होता. दादाला आता दिवसातून एकच सुख होते. दुपारचा चहा झाला की वहिनी त्याची खुर्ची पडद्यासमोर ढकलत असे आणि तो डाव्या हाताने एकेक चौकट उघडून आपला संच पाहत असे. नाणी लॉकरमध्ये सुरक्षित आहेत हे तो गृहीतच धरून होता. पडद्यावर होती म्हणजे होतीच. धाकट्याचे बोट ‘मोकळे करा’ या अक्षरांवर थांबले आणि शेवटी उचलले गेले. आज नको. दादाला ‘दार’ म्हणता येऊ दे. दादाला दार म्हणता आले, खिडकी म्हणता आली, हळूहळू वाक्येही आली, आणि दर नव्या शब्दाबरोबर ते करणे अधिकच अशक्य होत गेले. दोन माणसांशी तो एकाच मौनाने खोटे बोलत होता, आणि गंमत अशी की दोघेही त्याच्याशी सभ्यपणे वागत होते. त्याने नियम वाचून काढले. विनंतीला उत्तर आले नाही तर काही आठवड्यांनी रजिस्ट्रीच नव्या मालकाकडून छायाचित्र मागवते आणि नोंद परस्पर काढते. त्याने तेवढेच धरून ठेवले होते. कुणाच्या हाताने नाही, यंत्राच्या हाताने. चौकट एके दिवशी आपोआप करडी होईल, आणि दादाला सांगता येईल की काहीतरी बिघाड आहे.

दात वाकडाच राहिला. त्याने तो सरळ करायला घेतला, तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. या वेळी वहिनी होती. ती सहसा कामाच्या वेळी फोन करत नसे. हे आज चहाही न घेता नुसते पडद्याकडे बघत बसलेत, काही विचारलं तर मान हलवतात, तुम्ही येऊन जाल का, असे ती म्हणाली. आणि मग आवाज खाली आणून, पिवळी पट्टी आलीय काहीतरी. पिवळी पट्टी. पत्रे त्याने आपल्याकडे वळवली होती, पण विनंतीची सूचना संचाच्या पानावरही येते हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. पहिली आली तेव्हा वहिनीने भिंतीत ओल आली म्हणून पडद्याचे टेबल आठवडाभर हलवून ठेवले होते, आणि तो न कळताच वाचला होता. दार लावून घेतले होते, आणि खिडकी उघडी.

त्या घरापर्यंतचा रस्ता त्याच्या पायांना पाठ होता. कोपऱ्यावर सायकलींचे दुकान, बंद पडलेले कारंजे, मग चढण. चढणीवर त्याने तीन खोटी तयार केली. पट्टी चुकून आली आहे. हा माणूस लबाड आहे. क्रमांक सारखे निघाले आहेत. प्रत्येक खोटे त्याने तोंडात धरून पाहिले आणि प्रत्येक हिरडीला टोचले. मग एक वेगळीच आशा मनात आली, आणि तिची त्याला पहिल्या तिन्हींहून जास्त शरम वाटली: कदाचित दादाला पट्टी वाचताच आली नसेल.

दादाला ती वाचता आली होती. खोलीत दुपारचा उजेड पडद्यावर तिरपा पडला होता आणि त्यातून विझलेले दीपगृह, भोवती पिवळी कड घेऊन, फिकट दिसत होते. दादाने मान वळवली. रागाची धाकट्याने तयारी केली होती; संशयाचीही. पण त्या चेहऱ्यावर दोन्ही नव्हते. तिथे भीती होती, लहान मुलाने अंथरूण ओले केल्यावर असते तशी, उघडकीला आलेली, ओशाळी.

“छोट्या,” दादा म्हणाला, एकेक शब्द जागेवर ठेवत, “मी हे विकलं. आणि विसरलो.”

खरे उत्तर समोरच उभे होते, आणि धाकट्याला ते नको होते. दादा सांगत राहिला, शब्द शोधत, सापडले नाहीत तिथे बोटाने हवेत रेघ मारत. आजारी पडण्याआधी दोघा-तिघांशी त्याचा पत्रव्यवहार चालू होता. कुणीतरी दीपगृहाबद्दल विचारलेही होते. आपण नाही म्हटले, असे त्याला वाटत होते. पण वाटण्याला आता काय अर्थ. डॉक्टरांनी सांगितले होते, काही तुकडे गळून गेले असतील. एवढे मोठे गळेल असे वाटले नव्हते. आणि पट्टीत ‘दुसरी विनंती’ असे लिहून खाली पत्रही होते; बिचारा हा माणूस दोनदा पत्र लिहितो, सवडीने म्हणतो. दादाचा डावा हात कळफलकावर निरर्थक फिरला. मग त्याने कळफलकच धाकट्याकडे सरकवला. लिही, म्हणाला.

आणि त्याने लिहिले. दादा सांगत गेला तसे, एकही शब्द न बदलता. ‘माझ्या आजारपणात मला विस्मरण झाले. आपल्याला ताटकळत ठेवल्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. दिव्याचे किरण नाहीत म्हणून नाणे उदास वाटते, पण ते सकाळच्या उजेडात पाहावे.’ वीस वर्षे दुसऱ्यांच्या तोंडात बसणारे हसू तो घडवत आला होता. आज दुसऱ्याच्या तोंडून तो स्वतःच्या चुकीची क्षमा मागत होता, आणि ती चपखल बसत होती. पत्र गेले. ‘मोकळे करा’वर दादाने स्वतः बोट ठेवले. यंत्राने विचारले, खात्री आहे का. दीपगृह गेले आणि तिथे करडे वर्तुळ आले, नाण्याच्याच आकाराचे. आता संपले, असे धाकट्याला वाटले. अगदी हलके वाटले. कर्ज दुसऱ्याने फेडावे आणि पावती आपल्याला मिळावी, तसे.

पण दादा पडद्याकडेच पाहत होता. “अजून कोणती?” त्याने विचारले. प्रश्न धाकट्याला नव्हता, स्वतःच्या डोक्याला होता, आणि तिथून काही येत नव्हते. वहिनी चहा घेऊन आली आणि उभीच राहिली. मग दादा, रेघ ओढण्याआधी पट्टी टेकवावी तशा शांतपणे, म्हणाला, की एक विसरलो तर इतरही विसरलो असेन. कोण कुठे वाट पाहत असेल, काय सांगावे. लाजेने पत्रही लिहीत नसेल एखादा. लॉकरमध्ये जाऊन बघता येईल, असे वहिनीने सुचवले. दादाने नकारार्थी मान हलवली. तोवर त्यांनी ताटकळायचं का? नाणी हातात असतील तर पुन्हा नोंदवता येतील. हातात असतील तर. आता सगळी सोड.

त्याचा हात थकला होता, म्हणून बोट धाकट्याचे होते. दादा चौकटीकडे पाही, मान हलवी, आणि तो दाबी. खात्री आहे का. हो. खात्री आहे का. हो. लॉकरच्या काळोखात स्वस्थ पडलेली, कुणीही न मागितलेली नाणी एकामागून एक दादाच्या नावावरून उतरत गेली. तीस वर्षांचा संच वरच्या कोपऱ्यापासून विझत खाली येत होता. एखाद्या मोठ्या इमारतीत माणसे घरी निघाली की खिडक्या विझतात, तसा. मधेच त्याने विकलेले दुसरे नाणे आले, मग तिसरे, आणि निरपराधांच्या गर्दीतून ती दोन्ही बिनबोभाट निसटली. त्या दोन वेळा त्याला जी सुटका वाटली, तिच्याइतकी घाण गोष्ट त्याने स्वतःत कधी पाहिली नव्हती. वहिनी तोंडाला पदर लावून उभी होती. तिला काय ठाऊक होते आणि काय ठाऊक करून घ्यायचे नव्हते, ते तिच्या डोळ्यांवरून कळत नव्हते. एक वाक्य पुरेसे होते. तोंडात ते कधीचे तयार होते. पण ते बोलले की दादाची नाणी जाणार, धाकटा भाऊही जाणार. न बोलले तर फक्त दादाची स्मरणशक्ती जात होती. फक्त. हा शब्द मनात आला आणि तो स्वतःच्याच बोटाकडे, परक्याचे असावे तसा पाहत राहिला.

शेवटची चौकट उरली. तिथे नाणे असे नव्हतेच, नाण्याची झिजलेली चकती होती, गुणांच्या जागी नुसते ‘घासलेले’ असे लिहिलेली. धाकटा चार वर्षांचा असताना त्याने ते नाणे गिळले होते. दादा तेव्हा बारा वर्षांचा. दोन दिवस तो धाकट्याच्या मागे मागे फिरला होता, नाण्यासाठी नव्हे, आई रडत होती म्हणून. नाणे परत आले तेव्हा दादाने ते राखेने घासघास घासले. संग्राहकांच्या लेखी घासलेले नाणे मेलेले. तरी मोठेपणी दादाने ते तपासायला पाठवले, त्याच्या मोलापेक्षा कितीतरी जास्त खर्च करून, आणि संचाच्या अगदी तळाशी बसवले. माझ्या संग्रहातलं एकच नाणं असं आहे की ज्याचा आधीचा मालक मला पक्का ठाऊक आहे, असे तो सगळ्यांना सांगे. दादाने त्याच्याकडे पाहिले, नेहमीपेक्षा थोडे जास्त वेळ, आणि मान हलवली. सोड.

त्याचे बोट हलले नाही.

“हे विकलेलं नाही, दादा.”

वहिनी ओल्या डोळ्यांनीच हसली. “ते कोण घेईल, भावजी? पोटातून आलेलं.”

दार पुन्हा एकदा उघडले होते, आणि या वेळी दुसऱ्याने, प्रेमाने. नुसते हसायचे होते. प्लास्टरच्या जबड्यांची रांग त्याच्या डोळ्यांसमोरून गेली. त्या साऱ्यांना आपण दात दिले, आणि आपले तोंड मात्र असे.

“तसं नाही,” तो म्हणाला. “हे लॉकरमध्ये आहे, मी पाहिलंय. जवळजवळ सगळीच आहेत. दीपगृह नाही. अजून दोन नाहीत. ती मी विकली. तू विकली नाहीस.”

वहिनीने चहाचा कप उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. दादाचा चेहरा बदलत होता, आणि त्या बदलाकडे पाहणे त्याला भाग होते. राग यायला वेळ होता. तो दूरच्या चढणीवर कुठेतरी असेल, येईल. त्याच्या आधी तिथे दुसरेच काही पोचले. ओठाची लुळी बाजूसुद्धा त्याने किंचित उचलली गेली.

“म्हणजे,” दादा म्हणाला, “मी विसरलो नव्हतो.”

“नाही.”

“मी त्याला नाही म्हटलं होतं.”

“हो. म्हटलं असशील.”

दादाने श्वास सोडला. आठ महिन्यांत पहिल्यांदा तो पुरता बाहेर पडल्यासारखा वाटला. त्या सुटकेइतके काही धाकट्याला लागले नव्हते. शिव्या लागल्या नसत्या, थप्पडही नाही. दादाने करड्या वर्तुळांवरून एकदा नजर फिरवली. मग डावा हात पुढे करून त्याने कळफलक परत धाकट्याकडे ढकलला, इतक्या जोराने की तो टेबलाच्या कडेवरून थोडा बाहेर आला.

“त्या माणसाला दुसरं पत्र लिही.”

“काय लिहू?”

दादाने चष्मा काढला. “माझं नाव काढ त्यातून,” तो म्हणाला.

खिडकीतला उजेड पडद्यावरून सरकून भिंतीवर गेला होता. धाकट्याने ‘आदरणीय महोदय’ लिहिले आणि तो थांबला. मग खालची सगळी जागा तशीच सोडून त्याने तळाशी आधी स्वतःचे नाव लिहिले, पूर्ण, शाळेच्या दाखल्यावर आहे तसे, जे या घरात त्याला कधी कुणी हाकेला वापरले नव्हते. आणि मधल्या कोऱ्या जागेत काय भरायचे, हे दादा आता सांगणार नाही, असे ध्यानात येऊन तो एकेक अक्षर शोधू लागला.